फक्त नऊ तास

बुकिंगवाले काका सव्वीस वर्षं एकाच तिकीट कचेरीत, एकाच करकरणाऱ्या खुर्चीवर बसले. कुठल्याही दोन शहरांतलं अंतर विचारा, उत्तर जिभेवर तयार. त्या कचेरीची एक रीत होती: गिऱ्हाइकाला सांगायचा तो फक्त हवेतला वेळ. विमानतळ गाठणं, रांगा, मधल्या शहरात ताटकळणं, यांचं नावही काढायचं नाही. गिऱ्हाईक बिचकतं.

काका स्वतः मात्र कधी विमानात चढले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आई गेल्यावर ज्या थोरल्या ताईनं त्यांना लहानाचं मोठं केलं, ती लग्नानंतर काही वर्षांनी सात हजार किलोमीटरवर राहायला गेली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे तिला घर सोडता येत नसे. दर रविवारी फोनवर ती विचारी, "कधी येतोस?"

"अगं, नऊ तास तर आहेत! मनात आलं की निघालो."

मनात तर रोजच येई. पण आधी मुलीची परीक्षा, मग बायकोचा गुडघा, मग रजा म्हटली की साहेबांच्या कपाळाला आठ्या. जवळच तर आहे म्हणता म्हणता बावीस वर्षं उलटली. चेहरा दिसणाऱ्या फोनला ताईचा सक्त नकार. "त्यावर तुझं भागलं, की तू यायचाच नाहीस," असं तिचं म्हणणं. बाई पक्की होती.

मग एका रविवारी ती नेहमीचा प्रश्न विचारायचं विसरली. म्हणाली, "एक डोळा गेला रे. दुसऱ्याचंही डॉक्टर फार दिवस सांगत नाहीत. दिसतंय तोवर येऊन जा."

काकांनी त्याच काउंटरवर स्वतःचं तिकीट काढलं. घरातून निघाल्यापासून ताईच्या दारापर्यंत एकतीस तास लागले. त्यातले अकरा तर मधल्या विमानतळावरच्या लोखंडी खुर्चीत गेले. पाय सुजले, कंबर धरली. पण त्याहून वाईट होती ती धास्ती: आपण इथं बसलोय आणि तिकडे तिचा उजेड संपला तर? इतकी वर्षं आपण लोकांना अर्धंच सांगत आलो, आणि तिलाही, या विचारानं त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दार ताईनंच उघडलं, कडी चाचपडत. तिनं काकांना बाही धरून खिडकीशी नेलं, दोन्ही हातांनी चेहरा धरला आणि अगदी नाकाजवळ आणून कितीतरी वेळ पाहिलं.

"दिसतंय ना, ताई?"

"दिसतंय रे," ती म्हणाली. "नऊच तास होते ना? मग एवढा म्हातारा कधी झालास?"