पहिल्या दिवसाचा खुंटा

किसनआबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात आमच्या अंगणात चहाचा कप हातात घेऊन उभा होतो. फोन पणदऱ्याहून, विहीणबाईंचा. मागे गाय हंबरत होती, ती ऐकू येत होती. मग म्हणाल्या, "पाव्हणं, हे उठनात..." एवढंच. मी कप कट्ट्यावर ठेवला, चपला घातल्या आणि निघालो. वाटेत दोनदा गाडी बाजूला घेऊन रडलो. पण खोटं कशाला सांगू, मला धक्का बसला नाही. आज पाच आठवडे झाले. ज्याला त्याला मी "अहो, अचानकच झालं" असं सांगत आलोय. ते खरं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

किसनआबा माझे व्याही. माझी अश्विनी त्यांच्या महेशला दिली, त्याला सहा वर्षं झाली. पणदऱ्यात त्यांचा ऊस आणि दहा-बारा गाई. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, निम्मी नोकरी कळसला गेली. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मीही कधी ती चूक दुरुस्त केली नाही. माझी एकच विद्या. गाय लांबून बघायची आणि सांगायचं. ती रवंथ करते का, कोपरं बाहेर काढून उभी राहते का, बरगडीमागची कूस मिनिटाला किती वेळा हलते. पुढे पुढे घड्याळही लागेना, नजरच मोजायची. आबांना ह्याची भारी मौज वाटायची. गोठ्यात कुणी आलं की सांगायचे, "आमचं पाव्हणं गाईला हात लावत न्हाईत, नुसती नजर लावत्यात."

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी जन्मभर शेतकऱ्यांना सांगत आलो, नवं जनावर आणलं की पंधरा दिवस वेगळं बांधा. निदान पहिल्या दिवशी तरी हिंडवू नका, पाणी दाखवा, वैरण टाका, प्रवासाचा शीण निघू द्या. आबा बाजारातून गाय आणायचे ती थेट दावणीला, इतर गाईंच्या रांगेत, आणि त्याच सांजेला पिळायचे. मी चिडून बोललो की म्हणायचे, "तुमची लेक आमच्या घरात आली, तिला काय पंधरा दिवस अंगणात ठिवली व्हती का?" सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. तीस वर्षं गावोगाव हेच सांगितलेलं, आणि माझा स्वतःचा व्याही ऐकत नाही, ह्याचा मला राग होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं ह्या रागातून झालं.

महेश आणि अश्विनी दोन वर्षांपासून लंडनला. ह्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हा चौघांना दहा दिवसांसाठी बोलावलं. आमच्या हिच्या गुडघ्यांना विमान झेपणार नव्हतं आणि विहीणबाईंना धारा सोडून निघता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघे व्याहीच निघालो. विमानात आबांचे पाय सुजले. बुटाच्या नाड्या सोडून ते म्हणाले, "उसात पाणी साठावं तसं झालंय." मी म्हणालो, बसून बसून होतं तसं. होतं की बऱ्याच लोकांना.

सकाळीच पोचलो. पोरांनी पहिल्या दिवसाचा सगळा बेत आखून ठेवला होता. जमिनीखालची रेल्वे, नदीवरचा पूल, मग नदीकाठचं ते आकाशपाळण्यासारखं मोठं चक्र. घरी आंघोळी उरकून, धिरडी खाऊन आम्ही स्टेशनपाशी आलो. तिथे सरकता जिना खाली पाताळात गेल्यासारखा उतरत होता, आणि लोक त्यावरूनही पळत होते. आबा तोंडाशीच थांबले. कठड्याला हात लावून खाली बघत राहिले. गाईच्या पोटात चाऱ्यातून तार जाऊन काळजाकडे टोचू लागली की ती उतार उतरायला मागत नाही, चढावर जाईल पण उतारावर पाय टाकणार नाही... हे त्या वेळी माझ्या मनात आलं होतं. आलं आणि गेलं. कारण तेवढ्यात आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, तुमचा कायदा काय सांगतो? नवं जनावर पहिल्या दिवशी हिंडवायचं न्हाय. व्हय का न्हाय?"

काय सांगू, मला किती आनंद झाला! जिंकल्यासारखं वाटलं. सहा वर्षं माझी टर उडवणारा माणूस लंडनच्या भर रस्त्यात माझा सल्ला मानतोय. महेश कुरकुरला, "आबा, तिकिटं काढलीत." मीच त्याला गप्प केलं. "अरे, ते म्हणतात तेच बरोबर. आज नुसतं पाणी आणि वैरण. उद्यापासून बघू तुझं लंडन."

आणि तो दिवस सुरेख गेला, हे सांगायलाच हवं. मोठ्या शहरात पहिल्या दिवशी काहीच न बघणं ह्यात एक सुख असतं. घरामागे एक बाग होती, तळं होतं, तळ्यात बदकं. पोरं आम्हाला बाकावर बसवून बाजाराला गेली. आम्ही बसलो. थोड्या वेळाने उठायचं, पुढच्या बाकापर्यंत जायचं, पुन्हा बसायचं. आबा म्हणाले, आज एवढी बाग आपली, उद्या पुढची गल्ली, असं थोडं थोडं चरत जाऊ. कोपऱ्यावरच्या दुकानातून केळी आणली. एक म्हातारी गोरी बाई कुत्रं घेऊन चालली होती, तिला आबांनी "राम राम" घातला, आणि तिनेही हात हलवून काहीतरी गोड उत्तर दिलं. आभाळ खाली आलेलं, वारा अजिबात नव्हता. तळ्याचं पाणी इतकं गप्प होतं की मला ते बरं वाटेना.

तिसऱ्या बाकावर बसून दहा मिनिटं झाली असतील. आबा डोळे मिटून बसले होते. पातळ सदरा अंगाला चिकटलेला. आणि माझी नजर, मी न सांगता, त्यांच्या बरगड्यांवर गेली. मोजायला लागली. खोड आहे ती, सुटत नाही. बत्तीस. बसलेल्या, विसावलेल्या माणसाचे मिनिटाला बत्तीस श्वास, असायला हवेत त्याच्या जवळजवळ दुप्पट. मी पुन्हा मोजले. पुन्हा बत्तीस.

आणि मी नजर काढून घेतली. स्वतःलाच रागावलो. व्याह्याच्या बरगड्यांकडे कुणी टक लावून बघतं का? मुलीचा बाप मी. आबांना "तुम्हाला दम लागतोय का?" असं विचारणं म्हणजे त्यांच्यात खोट काढल्यासारखं. आमच्याकडे व्याह्याच्या ताटात काय कमी आहे ते बघतात, अंगात काय कमी आहे ते बघत नाहीत. शिवाय माझा सल्ला ते इतक्या मनापासून पाळत होते... मला तो मोडायचा नव्हता. मी बदकांकडे बघत राहिलो.

संध्याकाळी अश्विनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अण्णा, आबांना बरं आहे ना? दुपारी खुर्चीत बसूनच झोपले. इथे दाखवायचं का कुणाला?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी कळसला दवाखान्यात माझ्या शेजारी बसून तिने कितीतरी गाई बघितल्यात. मी बघतो आणि मला कळतं, हे तिला पक्कं ठाऊक. मी म्हणालो, "अगं, काही नाही. माझं ऐकतायत, एवढंच." ती हसली आणि पोळी लाटायला लागली. पोरी, हे तू वाचशील. तू विचारलं होतंस. मला माहीत होतं आणि मी नाही म्हणालो.

पुढचे नऊ दिवस आबांनी सगळं बघितलं. हळूहळू, बसत बसत, पण बघितलं. चक्रातसुद्धा बसले. मी मनाला समजावलं, बघ, शीणच होता तो. परत आल्यानंतरच्या बुधवारी त्यांनी कळसहून एक गाय आणली. गुरुवारी सकाळी धारेच्या वेळी तिच्याजवळ बसले, ते उठलेच नाहीत.

मागच्या आठवड्यात पणदऱ्याला जाऊन आलो. विहीणबाईंनी चहा दिला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी आणून पुढ्यात ठेवली. पेंडीच्या पिंपामागे सापडली म्हणाल्या. बारामतीच्या एका दवाखान्याचे कागद, लंडनला जाण्याच्या तीन आठवडे आधीचे. आधी हृदयाची तपासणी करा, तोवर प्रवास नको, असं स्पष्ट लिहिलेलं. मी वाचत होतो आणि त्या बोलत होत्या.

"पहिल्या दिवशी तिकडनं फोन केलता ह्यांनी. लई हसत व्हते. म्हनले, आजचा दिस दम खाल्ला की फुडचे नऊ निघत्याल. पोराचं घर बघून हुईल. मी म्हनलं, पाव्हणं हायत की संगं, त्यांच्या ध्यानात येईल. तर म्हनले, त्यांस्नी त्यांच्याच दाव्यानं बांधलंय, काय बोलायचे न्हाईत."

मी कागद घडी करून पुन्हा पिशवीत घातले. हुशार माणूस. माझी नजर त्यांना ठाऊक होती, आणि ती कशाने झाकता येते तेही ठाऊक होतं.

उठताना त्या म्हणाल्या, गाय बघून जा. गोठ्याच्या बाहेर, लिंबाखाली, एक नवा खुंटा ठोकलेला होता. त्याला ती कळसची गाय बांधलेली, एकटी. आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच नवी गाय वेगळी बांधली होती. बुधवारी स्वतः खुंटा ठोकला आणि म्हणाले म्हणे, पाव्हणं आलं की दावतो त्यांना. पंधरा दिवस कधीच उलटून गेले होते, पण तिला तिथून हलवायचा कुणाला धीर झाला नव्हता.

मी लांब उभा राहिलो. गाय रवंथ करत होती. तिची कूस बघितली आणि ह्या वेळी मुद्दाम घड्याळ काढून मोजली. चोवीस.

"चांगली हाय," मी म्हणालो. "घ्या दावणीला."

विहीणबाईंनी दावं सोडलं. गाईच्या पाठीवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमाला नुसतं बघूनच कळतं, न्हाय का पाव्हणं?"

"व्हय," मी म्हणालो.