दादांचा चौथा शब्द

मी शाळेत विज्ञान शिकवते. करणी, नजर, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. तरीही हे लिहितेय.

आमचं गाव सिरसाळा. माझे वडील, दादा, बाजारात धान्याच्या आडतीवर लिलाव पुकारायचे. आवाज असा की रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द कानावर पडू द्या. म्हणून मी रोज सकाळी त्यांच्या कॉटजवळ बसून पेपरातलं शब्दकोडं मोठ्यानं वाचायचे. उत्तरंही मीच द्यायचे.

एका सकाळी पेपर अजून घडीतच होता... आणि दादा बोलले! "टाळू."

मी किंचाळलेच. आई धावत आली. डोक्याला तेल पाहिजे असेल, म्हणून तिनं रडत रडत टाळूवर तेल थापलं. मग मी कोडं उघडलं. आडवा पहिलाच शब्द — "च, छ, ज यांचं उच्चारस्थान, दोन अक्षरी." टाळू!

योगायोग, म्हटलं. दुसऱ्या दिवशी "पापणी". डोळ्यात काही गेलं का म्हणून मी फुंकर घालत बसले, आणि कोड्यात काय — "डोळ्याचं झाकण"! तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम पेपर बाहेर ओट्यावरच ठेवला. दादा म्हणाले, "कोपर." पळत जाऊन उघडला — "नकोशा माणसाला इथून नमस्कार." मी ओट्यावर अक्षरशः उड्या मारल्या!

चौथ्या दिवशी "जबडा". उभे-आडवे सगळे शब्द भरले. जबडा कुठंच नाही.

"दादा, आज चुकलात," मी हसून म्हटलं.

ते हसले नाहीत. चांगला हात कॉटवर आपटायला लागले. "जबडा! जबडा!"

आईला विचारावं म्हणून मी आत गेले. कॉटवरून स्वयंपाकघर दिसतसुद्धा नाही. आई गॅसपाशी खाली बसली होती, गाल धरून.

"काई न्हाई गं, दाढ ठणकायलीय लई. लवंग धरलीय. दुपारी जाते दाताच्या डॉक्टरकडं."

तिचं कपाळ घामानं निथळत होतं.

"दाढ दुखल्यावर एवढा घाम?"

"तुजं काईतरीच. भाकरी तर होऊ दे."

बाहेर दादांचा हात आपटतच होता. मी गॅस बंद केला, शेजारच्या काकूंना दादांपाशी बसवलं आणि आईला काकांच्या गाडीत घालून परळी गाठली.

ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. बायकांना कधीकधी असंच जबड्यात दुखतं. दुपारपर्यंत थांबला असता तर अवघड होतं... तुम्ही ओळखलं कसं?"

"दादांनी सांगितलं," मी म्हटलं.

आई आता ठणठणीत आहे. दादाही हळूहळू बोलतात, पण कोडं वाचून दाखवल्यावर, आणि निम्मी उत्तरं चुकीची! त्या चार दिवसांचं विचारलं तर म्हणतात, "म्या कवा म्हनलो?"

मी मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं, शाळेतल्या सगळ्यांना विचारलं. मी अजून उत्तर शोधत डोकं खाजवत बसले की आई ओरडते, "उत्तर कशाला पायजे गं तुला? मी हाय ना!"