पाखरांची गड्डी

आत्या सासरहून परत आली तेव्हा मी पाचवीची परीक्षा नुकतीच दिली होती. तिचं सासर भिवापूरकडचं, मिरचीच्या शेतांतलं. एका सकाळी ती एकटीच बसने आली, हातात कापडी पिशवी. कुणी काही विचारायच्या आत आईला म्हणाली, "वहिनी, मले थोडे दिवस राहू द्या." आईने तिच्या उजव्या डोळ्याखालची निळी सूज बघितली आणि तिची पिशवी आत नेऊन ठेवली.

आम्ही शहरातल्या महाल भागात दोन खोल्यांत राहायचो. आत्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. धान्य निवडायची, भांडी घासायची, पण उंबऱ्याबाहेर पाय टाकायची नाही. "शेजारपाजारचे विचारतात," एवढंच म्हणायची. आई तिच्या पाठीमागे चिडचिड करायची. दोन खोल्यांत आणखी एक माणूस म्हणजे किती ओढाताण, हे आम्हां मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या मुलांना माचिसच्या छापांचं वेड लागलं होतं. डबीवरचं चित्र पाण्यात भिजवून सोडवायचं, पुस्तकात दाबून वाळवायचं आणि गड्डीत ठेवायचं. माझी गड्डी गल्लीत बऱ्यापैकी मोठी होती, कारण बाबा वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. तिथे दक्षिणेकडचे ट्रक यायचे आणि ड्रायव्हर फेकून द्यायचे त्या डब्या बाबा खिशात घालून आणायचे.

खेळ असा होता. दोघांनी समोरासमोर बसायचं, गड्डी उलटी ठेवायची आणि वरचे पाच छाप हातात घ्यायचे. एकाने एक टाकायचा, दुसऱ्याने त्यावर एक. ज्याचा भारी, त्याने दोन्ही जिंकून बाजूला ठेवायचे आणि गड्डीतून हात पुन्हा भरायचा. वाघ, हत्ती, तोफ, जहाज हे भारी. फूल, दिवा, पोपट हलके. आणखी एक नियम होता. एकाच जातीचे तीन छाप, म्हणजे तिन्ही पाखरं किंवा तिन्ही फुलं, हातात आले तर ते एकदम टाकता यायचे. त्याला तिकडी म्हणायचे, आणि तिकडीपुढे वाघसुद्धा पडायचा. पण तिकडी क्वचितच जमायची, कारण प्रत्येकाच्या गड्डीत मिळेल ते भरलेलं असायचं.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा मुलगा सगळ्यांना हरवायचा. सगळ्यांत जास्त वाघ त्याच्याकडे, बाकी मिळेल ते. मी एका दुपारी पुरती हरून, रडवेली होऊन घरात आले आणि उरलेले छाप जमिनीवर आपटले.

आत्याने ते गोळा केले. एकेक निरखून बघितला. "कसं खेळता वं हे?"

मी नाक पुसत सांगितलं. तिने तिकडीचा नियम दोनदा विचारला. मग म्हणाली, "मग तू वाघाच्या मागं काहून लागून राहिली? वाघ तर त्याच्याजवळच हायेत. पोपट, मोर, कबुतर कोणी ठेवत नाही. ते माग."

दुसऱ्या दिवशी मी माझा एकुलता एक हत्ती देऊन मोर, हंस आणि दोन कोंबडे आणले. मुलं हसली. आत्याने पाखरं आणि फुलं मिळून गड्डी लावून दिली. मी खेळले आणि हरले.

"फुलांनं घात केला," आत्या म्हणाली. "हातात दोन पाखरं, दोन फुलं अन् एक दिवा आला, तर करतं काय माणूस? अर्धं हे अर्धं ते ठेवून चालत नाही."

मग तिने फुलं काढली, होडी काढली, दिवा काढला. मला खूप आवडणारा एक घोडा होता, तोही काढायला लावला. बाबांना आज पाखरांच्याच डब्या बघा म्हणून सांगितलं. बाबा चकित झाले, कारण घरी आल्यापासून तिने त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. संध्याकाळी ते खिसे भरून आले. गुलाबी बगळा, निळा गरुड, एका छापावर चिमण्यांची जोडी. ती जोडी एक धरायची की दोन, यावर आत्याने आणि मी बराच वाद घातला.

गड्डी तयार झाली तशी मला धीर होईना. "तूच खेळ ना," मी म्हटलं. ती नाही नाही म्हणाली. मी तिचा पदर धरून ओढलं, आणि कसं कोण जाणे, ती उठली. ओट्यावर येऊन बसली. उजेडाने तिचे डोळे मिचमिचत होते.

किराणावाल्याच्या मुलाने ऐटीत वाघ टाकला. आत्याने मोर, हंस, कोंबडा ठेवले. त्याने दुसरा वाघ टाकला. पुन्हा तीन पाखरं. दोन-तीन डाव गेल्यावर तो ओरडला, "हे चालत नाही! सगळी पाखरंच हायेत!"

"काहून चालत नाही गा? नियम तुमचाच हाय ना?" असं म्हणून आत्या मोठ्याने हसली.

हसण्याचा आवाज ऐकून आई कणकेच्या हातांनी दारात आली. आता ही रागावणार, असं मला वाटलं. पण ती आत्याकडे नुसती बघत राहिली आणि आत गेली.

त्यानंतर आत्या रोज ओट्यावर यायला लागली. जिंकलेले वाघ ती गड्डीत घालू द्यायची नाही, त्यांनी गड्डी बिघडते म्हणायची. ते देऊन पाखरं घ्यायची. मुलांना मात्र ती खूप आवडायची, कारण ती हरलेल्यालाही बसवून त्याची गड्डी लावून द्यायची. किराणावाल्याच्या मुलाला तिनेच नुसत्या वाघ-सिंहांची गड्डी करून दिली. मग तिला जिंकणं अवघड झालं, पण तिला त्याचंही कौतुक.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला आत्याचे थोरले दीर तिला न्यायला आले. लाल मिरच्यांचं गाठोडं समोर ठेवून बाबांना म्हणाले, "झालं गेलं विसरा. माणसाचा हात उठते कधी कधी." बाबा मान खाली घालून बसले. आत्या आतल्या दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिने माझा खांदा घट्ट धरला होता.

आई चहा घेऊन आली. कप ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, चहा घ्या. बाई येणार नाही."

"तुम्ही काहून बोलून राहिल्या? भाऊले बोलू द्या."

"त्यायले बोलता आलं असतं तर तिचे एवढे दिवस तिथं गेले नसते. आल्यावर तिचा डोळा मी पायला होता. आता ती हसते. मी नाही पाठवत तिले."

बाबांनी वर बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बरोबर हाय. नाही पाठवत."

दीर चहा न पिताच गेले. आत्याने पदर तोंडाशी धरला आणि रडली. आई तिच्याजवळ गेली नाही. ती पोळ्या करायला बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, जरा लाटून दे वं. माझे हात भरून आले."

वर्षभराने आत्या गल्लीतल्याच बालवाडीत कामाला लागली आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. आई आणि ती रोज भांडायच्या, वरणात गूळ घालायचा की नाही यावरूनसुद्धा. पण बालवाडी सुटायला उशीर झाला, की आई तिच्यासाठी जेवायची थांबायची.