मालिकेत कोसळणारी आई

मुक्ता आमच्याकडे आली तेव्हा चार महिन्यांची होती. दत्तक घेतल्याचं आम्ही तिच्यापासून कधीच लपवलं नाही. आता एकोणिसाव्या वर्षी, जन्मदात्या आईला एकदा भेटावंसं वाटतं, असं ती मागच्या आठवड्यात म्हणाली. मी ‘भेट की’ म्हणाले खरी, पण तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नव्हतं.

काल जेवताना टीव्हीवर एक विनोदी मालिका चालू होती. नायकाची जन्मदाती दारात येऊन उभी राहिली आणि त्याला वाढवणारी आई हातातल्या परातीसकट धाडकन कोसळली. मागून हशा पिकला. असल्या विनोदांत एक आई घरात यायची, तर दुसरीला पडावंच लागतं. मी रिमोट उचलला.

मुक्ता मात्र खो खो हसत होती. “आई, तू नाही ना अशी पडणार?”

“आणि पडले तर?” मी टीव्ही बंद केला.

तिचं हसू थांबलं. खरकट्या हातानंच ती माझ्याजवळ सरकली. “तर त्यांना म्हणेन, जरा बसा, आधी माझ्या आईला उठवते.”

“मग त्यांच्यासाठी चहा मी टाकीन,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता जाणवलं, की हे मी अगदी मनापासून म्हणतेय.