विसरलेल्या पेशी

दाईबाईचा नवरा गेला तेव्हा सासरच्या सगळ्यांनी पाठ फिरवली. उभी राहिली ती एकटी वन्सं, नवऱ्याची मोठी बहीण. तिनेच ओळखपाळख काढून भावजयीला औषधाच्या कारखान्यात चिकटवलं. आधी काचा, म्हणजे प्रयोगाची काचेची भांडी, धुण्याचं काम होतं. हात हलका म्हणून पुढे पेशींच्या खोलीत घेतलं, आणि तिथे ती पेशींची बाळासारखी विचारपूस करायची म्हणून सगळे तिला दाईबाईच म्हणू लागले.

एका झुडपाच्या पानापासून वाढवलेल्या त्या पेशी. काचेच्या चंबूत, पातळ खाद्यात, सतत हलत्या ठेवायच्या. वाढीचं संप्रेरक दिलं की भराभर वाढत, पण औषध काही करत नसत. चंबू भरले की दुसरं संप्रेरक घालायचं, अळीने पान कुरतडलं की झाड स्वतःच तयार करतं ते. मग संकट आलं असं वाटून पेशी वाढणं सोडत आणि कडू रस साठवू लागत. औषध निघे ते त्या रसातून.

वन्संला रक्ताचा कर्करोग झाला आणि नेमकं हेच औषध लागलं. पहिल्या खेपेला चांगला उतार पडला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती कौतुकाने सांगायची, हे आमच्या वहिनीच्या हातचं आहे.

आणि त्याच सुमाराला पेशींनी दगा दिला. दिसायला गुबगुबीत, पण रसात औषधाचा मागमूस नाही. प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं आयतं खाऊन त्या आपलं काम विसरल्यात. वाढीचं संप्रेरक कमी केलं, बंद केलं, काही फरक पडेना. इस्पितळातला साठा संपला. दुसरीकडे कुठेच मिळेना.

"बाई, ते दुसरं संप्रेरक आणखी वाढवून बघू," दाईबाई म्हणाली.

"मरतील गं."

"अशा तरी कुठे कामाच्या आहेत?"

बाईंनी ऐकलं. पेशी काळ्या पडून चंबूच्या तळाशी बसल्या. दाईबाईने ते चंबू मोरीत रिकामे केले आणि घासायला घेतले.

शेवटी फार पूर्वी, काम विसरण्याआधीच गोठवून ठेवलेल्या पेशी बाहेर काढल्या. बहुतेक मेल्या होत्या. एका बशीत मोहरीएवढा गोळा तेवढा जगला. तो वाढवून त्याला संप्रेरक दिलं, आणि यंत्रावर औषधाची खूण उमटली. बाईंचे डोळे भरून आले. दाईबाईने विचारलं, एका इंजेक्शनापुरतं कधी होईल? हिवाळा तरी उलटेल, बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तिने वन्संपासून काही लपवलं नाही. पेशी परत कामाला लागल्यात, पण वेळ लागेल, असं सांगितलं. 

"मला मरायचं नाही गं, वहिनी."

दाईबाई तिचे गार पडलेले पाय चोळत बसली.

चंबू भरायच्या आतच वन्सं गेली.

घरी थांब, चार दिवस सुट्टी घे, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण पेशींचं खाद्य संपत आलं होतं, नवीन चंबूत घातल्या नसत्या तर त्या मेल्या असत्या. दाईबाई कामावर गेली. निर्जंतुक करायला चिमटा ज्योतीवर एका हाताने धरवेना. तिने बाईंना चंबू धरायला सांगितलं. बाईंनी तो धरला.

उन्हाळ्यात औषध पुन्हा निघू लागलं. पहिली पेटी इस्पितळात निघाली तेव्हा सगळे दाईबाईला गाडीबरोबर चल म्हणाले. नको, काचा धुवायच्या राहिल्यात, म्हणून ती आत गेली.