पद्माला पाहिजे गाली

आमच्या शाळेत धूळ आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी पुन्हा साचतात. धुळीचं सोडा, किस्से ऐका!

मी सहावीला मराठी शिकवते. सोलापूरचं ऊन, वर पत्रा आणि शेजारी यंत्रमागांचा खडखडाट. तो खडखडाट नको म्हणून हेडसरांनी खिडक्यांना चक्क खिळे ठोकले. "आता कसं शांत वाटतंय!" म्हणाले, आणि आपल्या ऑफिसात कूलरसमोर जाऊन बसले.

* * *

गृहपाठ न केलेल्या एकाला मी वर्गाबाहेर उभं केलं. व्हरांड्यात जरा वारा असतो. लगेच दुसरा उठला, "बाई, मी बी न्हाय केला!" मग एक मुलगी उठली. वही बघितली तर हिचा गृहपाठ पूर्ण! "पण अक्षर लई घाण हाय की, बाई," म्हणाली आणि गेली बाहेर.

* * *

कुणीतरी वर्गासाठी थर्मामीटर भेट दिला. चोरीला जाईल म्हणून हेडसरांनी तो ऑफिसात टांगला, कूलरच्या शेजारी! मी तक्रार घेऊन गेले की तिकडे बोट दाखवायचे, "बघा मॅडम, कुठंय उकाडा?" डोकंच फिरायचं माझं.

* * *

पद्माच्या घरी तेलुगू. नवीन होती तेव्हा उभी राहून म्हणाली, "बाई, गाली येत न्हाय."

मी म्हटलं, "नाहीच यायला पाहिजे! कुठं शिकतेस असलं?"

सगळ्या पोरी फिदीफिदी. तेलुगूत गाली म्हणजे वारा, हे मला तेव्हा कळलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. पोरीला दमा. त्या कोंडलेल्या वर्गात तिला धाप लागायची. एकदा तिची आई येऊन म्हणाली, "असंच चाललं तर शाळा बंद करते, बाई. घरी निदान श्वास तरी घेईल." मला रडूच आलं. तशीच हेडसरांकडे गेले. त्यांचं बोट थर्मामीटरकडे!

* * *

पद्मा आता आठवीत आहे, म्हणून पुढचं हसत सांगते.

तपासणीला साहेब आले. अक्कलकोटकडचे, घरी कानडी. कानडीतही वारा म्हणजे गाळी, जवळपास तोच शब्द. आमचे हेडसर माढ्याचे, त्यांना गाली म्हणजे फक्त शिवी! साहेबांनी काहीही विचारलं तरी "नाही सर" म्हणायचं, असं त्यांनी मुलांना पढवून ठेवलेलं.

"काही पाहिजे का रे?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर!"

पद्मा एकटी उठली, धापा टाकत. "सर, मला गाली पाहिजे."

हेडसर पांढरेफटक. साहेबांनी मानेवरचा घाम पुसला, खिडकीच्या खिळ्यांकडे बघितलं.

"बरोबर बोलतेय पोरगी. हेडसर, गाली द्या तिला. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर!"

"मी?" हेडसर कुजबुजले. "सर... मुलांच्या देखत?"