कीमच्या वाटेवरचा पिवळा दिवा

शनिवारी सकाळी साडेसातला आयर्लंडमधलं आमचं ड्रोहेडा सोडलं तेव्हा गाडीत एकही धोक्याचा दिवा पेटलेला नव्हता. कारण तो मीच गुरुवारी पुसून टाकला होता.

गाडी मानसीताईंची. ताई इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मूळच्या अमरावतीच्या. त्यांची आई, आमच्या काकू, सोमवारच्या विमानानं भारतात परत चालल्या होत्या आणि जायच्या आधी त्यांना अचिल बेटावरचा कीमचा समुद्र बघायचा होता. नेमका त्याच आठवड्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, गेलाय. मी नववी नापास, पण कराडपासून गाड्यांखालीच वाढलोय, इथंही गॅरेजातच कामाला. ऐटीत बोलून गेलो, "ताई, डबा ठणठणीत आहे. बिनधास्त चला, मी बरोबर येतो." आणि स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसून मोकळा झालो.

टोल टाळायचा असेल तर स्लेन, नाव्हन, डेल्विन करत मलिंगर गाठा. रस्ता अरुंद आहे, ट्रॅक्टरच्या मागे रांगत जायची तयारी ठेवा. लाँगफर्डला पंपावर ब्रेकफास्ट रोल घ्या: सॉसेज, अंडं, सगळं एका पावात, सहा-सात युरोत दुपारपर्यंत भूक नाही. आम्ही त्यावर काकूंची सांबारवडी, म्हणजे कोथिंबीरवडी, पण हाणली. पुढे कॅसलबार, न्यूपोर्ट, मग डाव्या हाताला एकदम समुद्र. मी खिडकीतून अर्धा बाहेर.

आणि मलरॅनी गावाच्या अलीकडे ताई म्हणाल्या, "पेटला."

"काहून थांबली वं?" मागून काकू. "गाडी बिमार पडली का?"

"यानं हिला पॅरासिटामॉल दिली होती, आई. ताप उतरला, आजार तसाच."

मी खिडकीतून आत येऊन काच वर केली.

तुमच्यावर ही वेळ आली तर एक लक्षात ठेवा. दिवा स्थिर असेल तर हळू चालवत गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर तिथंच बाजूला घ्या, नाहीतर चांगला डबाही जळतो. आमचा स्थिर होता. दोन वळणांवर मार्टिन नावाच्या म्हाताऱ्याचं पत्र्याचं गॅरेज सापडलं. माझा स्कॅनर घरी राहिला होता, म्हणून त्याचा मागितला.

"इट्स इन द प्रेस, लॅड," तो चहा ढवळत म्हणाला.

कोपऱ्यात बेअरिंग दाबून काढायचा भला मोठा प्रेस होता. मी त्याच्या मागे पाहिलं, खाली वाकून पाहिलं. पायाशी सापडले ते डबाभर गंजून तुटलेले बोल्ट. वर बघतो तर मार्टिन आणि ताई पोट धरून हसतायत.

"अरे, प्रेस म्हणजे इथं कपाट," ताई म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात औषधं पण प्रेसमध्येच असतात."

आमच्या गॅरेजात सगळे पोलंडचे, मला कोण शिकवणार? स्कॅनर कपाटात चहाच्या कपांमागे होता.

लावला. डब्याच्या आधी धुरातला ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर असतो, स्क्रीनवर त्याची रेघ सारखी वर-खाली उड्या मारते, ते बरोबरच. डब्यानंतरच्या सेन्सरची रेघ शांत हवी. आमची तीही नाचत होती. म्हणजे तो गॅरेजवालाच खरा, आणि मी एका बाईला तिच्या आईसकट चार तास लांब आणून अडकवलेलं.

सवयीनं ताईंना ॲक्सिलरेटर दाबून धरायला लावला. रेघ शांत झाली. सोडला, परत नाच. डबा मेला असता तर दोन्ही वेळा नाचली असती. मग हा नाच धुराचा जोर कमी असताना बाहेरून हवा शिरून तर होत नाही?

"मार्टिन, ते तुटके बोल्ट कसले?"

"सायलेन्सरचे. खारा वारा आधी तेच खातो."

ताईंची गाडी आधी तीन वर्षं स्लायगोत समुद्राकाठी होती. खाली शिरलो. मागच्या सेन्सरच्या जरा आधी पाइपाचा जोड, त्यावर पंख्यासारखी पसरलेली काजळी, म्हणजे गळती तिथंच, एक बोल्ट अर्धा गायब. काय हसलो म्हणता, अंगावर गंज पडत असताना.

गाडी थंड होऊ दिली, जोडात बसणारी नवी चकती, म्हणजे गॅस्केट, आणि दोन बोल्ट. रेघ एकदम गोगलगाय. मार्टिननं कोड पुसायला बटण पुढे केलं. मी म्हटलं, नको. गाडीनं लागोपाठ तीन फेऱ्यांत स्वतःला तपासून पास केलं की दिवा आपोआप विझतो. या वेळी तिलाच सांगू दे.

"शी'ल बी ग्रँड," मार्टिन म्हणाला. ग्रँड म्हणजे ठीकठाक, एवढं मला माहीत होतं. तरी धाकधूक.

तो पेटलेला दिवा घेऊनच कीमला गेलो. शेवटचा रस्ता कड्याच्या काठाकाठानं, मेंढ्या मधोमध बसलेल्या, आणि खाली हिरवंगार पाणी. काकू साडी खोचून गुडघाभर पाण्यात गेल्या. "बर्फ हाय बाप्पा," म्हणाल्या, पण अर्धा तास बाहेर येईनात. मुक्काम शेजारच्या कील गावात एका घरगुती बी अँड बीत. रविवारी परतलो. दिवा तसाच.

सोमवारी विमानतळाला निघालो. ताईंनी चावी फिरवली, सगळे दिवे लागले, विझले. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होतो. दोन सीटांच्या मधून काकूंचं डोकं पुढे आलं.

"तो पिवळा दिवा कुठी गेला वं?"

ताईंनी आधी डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता बरी झाली," म्हणाल्या.

घरी येऊन बॅग उपसली तर बुटांत कीमची वाळू आणि खिशात तो अर्धा बोल्ट. वाळू झटकली. बोल्ट प्रेसमध्ये ठेवलाय, चहाच्या कपांमागे.